ऊर्जेचा हिशेब : थांबू शकणारे काम आणि न थांबणारे काम

गेल्या आठवड्यात लिथियमच्या बॅटरीत वीज कशी साठते ते पाहिले. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. बॅटरी वापरायचीच नाही असे ठरवले तर? ऊन, हालचाल, उष्णता, कंपने अशी ऊर्जा आपल्या भोवती पसरलेली असतेच. ती थोडी थोडी वेचून घड्याळ, रिमोट, मोबाइल चालवता येतील का? तंत्रज्ञ याला एनर्जी हार्वेस्टिंग म्हणतात आणि त्यावर जगभर काम चालू आहे. पण उत्तर शोधायला मी वाचकांना आधी वर्ध्याला, मगनवाडीत नेणार आहे.

अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ मध्ये स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली त्याचे काम मगनवाडीतून चालू लागले. गावाला लागणारी ऊर्जा गावातच मिळाली पाहिजे, हा तिथल्या प्रयोगांचा आग्रह होता. रॉकेलऐवजी तेलबियांच्या तेलावर जळणारा मगनदीप हा कंदील त्याच आग्रहातून पुढे आला. १९३८ मध्ये तिथे मगन संग्रहालय सुरू झाले. आज त्याच परिसरात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, म्हणजे एमगिरी आहे. तिने सौर चरख्यावर बरेच काम केले आहे.

चरख्याची दुसरी एक आवृत्ती आपल्या प्रश्नाला अधिक जवळची आहे. २००७ च्या सुमारास बंगळुरूचे आर. एस. हिरेमठ यांनी ई-चरखा तयार केला. अंबर चरख्याच्या धर्तीवरचा हा चरखा हाताने फिरवला की सूत निघते, शिवाय त्याला जोडलेल्या छोट्या जनित्रातून वीजही मिळते. सुमारे दोन तास कातले की सहा-सात तास एलईडी दिवा लागतो, असे त्याबद्दल सांगितले गेले. हे आकडे पडताळून पाहता येतात. एक वॅटचा दिवा सहा तास म्हणजे सहा वॅट-तास. ते दोन तासांत मिळवायचे तर हाताने तीन वॅट द्यायला हवेत. माणसाचा हात तेवढे सहज देतो. सायकलच्या डायनॅमोवरही साधारण तीनच वॅटचा दिवा जळतो.

तरीही ई-चरख्याच्या तळाशी एक बॅटरी आहेच. कातायचे दिवसा आणि उजेड हवा रात्री, मग मधल्या वेळेत वीज कुठेतरी ठेवावी लागणारच. सुताचे मात्र तसे नाही. कातलेले सूत पेटीत पडून राहते, त्याला बॅटरी लागत नाही. एकाच चरख्यातून निघणाऱ्या या दोन गोष्टींतला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. एनर्जी हार्वेस्टिंगवरच्या बहुतेक चर्चा ऊर्जा किती मिळते एवढ्यावरच अडतात. काम थांबू शकते का, हे विचारायचे राहून जाते.

वर्धा जिल्ह्यातल्या वावरांत बसलेले सौर पंप पाहा. बहुतेकांना बॅटरी नसते. ऊन आहे तोवर पंप चालतो, ढग आले की मंदावतो, आणि उपसलेले पाणी टाकीत किंवा थेट पिकाच्या मुळाशी असते. सौर चरखाही ऊन उतरल्यावर थांबवता येतो.

काही कामांत ऊर्जा आणि गरज एकाच क्षणी येतात. स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर तसा आहे. दाबताच आतल्या स्फटिकावर टोला बसतो, हजारो व्होल्टचा दाब क्षणभर तयार होतो आणि ठिणगी पडते. हा गुणधर्म क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला होता. सौर कॅल्क्युलेटरचेही तसेच. आकडे वाचायला उजेड लागतोच, आणि तोच उजेड त्याला चालवतो. बटण दाबण्याच्या जोरावर बिनतारी संदेश पाठवणारे विजेचे स्विच याच तत्त्वावर मिळतात. टीव्हीचा रिमोटही तसा व्हायला हरकत नाही. सौर पट्टी लावलेले रिमोट २०२१ पासून बाजारात आले आहेत.

भिंतीवरच्या घड्याळाचा हिशेब करू. साध्या सेलमध्ये सुमारे दीड-दोन वॅट-तास असतात आणि तो वर्षभर, म्हणजे ८,७६० तास पुरतो. म्हणजे घड्याळ साधारण ०.२ मिलिवॅटवर चालते. घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात सौर पट्टीच्या दर चौरस सेंटिमीटरमागे २० मायक्रोवॅट धरले, तर दहा चौरस सेंटिमीटरमध्ये काम भागते. रात्रीच्या अंधारासाठी पट्टी तिपटीने मोठी आणि सोबत एक छोटा सुपरकपॅसिटर घ्या. तबकडीवर त्याहून कितीतरी जास्त जागा रिकामी असते. असे असताना दरवर्षी सेल बदलून जुना उकिरड्यावर टाकायला लावणारी घड्याळे अजूनही बनतात, हे मला अजिबात पटत नाही.

मोबाइलचे गणित वेगळे आहे. ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास असतात. फोनची पूर्ण पाठ सौर पट्टीने मढवली तरी घरातल्या उजेडात ती बॅटरी भरायला जवळजवळ वर्ष लागेल. उन्हात ठेवला तर आठ-नऊ तासांत भरेल खरी, पण वर्ध्याच्या मे महिन्यात उन्हात ठेवलेला फोन तापून स्वतःच बंद पडतो. ४५ अंशांच्या वर लिथियमची बॅटरी चार्ज करणे तिला मानवत नाही. चालता चालता फोन चार्ज होईल असे सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका.

अंगाच्या उष्णतेवर चालणाऱ्या घड्याळांनाही आपल्याकडचा उन्हाळा आडवा येतो. ती त्वचा आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर वीज बनवतात. सायंकाळी हवा ३५ अंशांच्या आसपास असते तेव्हा हा फरक जवळजवळ संपतो आणि वीजही संपते. जानेवारीच्या पहाटे तेच घड्याळ छान चालेल. थंड देशांत मोजलेले आकडे विदर्भात जसेच्या तसे धरता येत नाहीत ते यामुळे.

कमी वीज लागते म्हणून बॅटरी काढता येईल, असेही नेहमी म्हणता येत नाही. हृदयाच्या पेसमेकरला अवघे दहा-वीस मायक्रोवॅट लागतात, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाच्या दहाव्या हिश्शाइतके. पण त्याचे काम एक सेकंदही थांबवता येत नाही. हृदयाच्या हालचालीतूनच त्याला वीज मिळावी असे प्रयोग चालू आहेत. तरी ज्या ठोक्यातून वीज घ्यायची तोच चुकला तर काय, हा धोका राहतो. तिथे बॅटरी असलीच पाहिजे, आणि ती उत्तम असली पाहिजे.

म्हणून मी या वस्तूंची वाटणी अशी करीन. घड्याळे, रिमोट, कॅल्क्युलेटर, स्विच, वावरातल्या मातीचा ओलावा तासातासाने कळवणारे सेन्सर यांचे सेल आजच्या तंत्राने सुटू शकतात, आणि उत्पादकांकडे तशी मागणी आपण केली पाहिजे. मोबाइल, टॉर्च आणि पेसमेकर बॅटरीवरच राहतील.

घड्याळाच्या हिशेबात सुपरकपॅसिटरचा ओझरता उल्लेख आला. तो लाखो वेळा भरता-उतरवता येतो, तरीही त्याने बॅटरीची जागा का घेतली नाही, ते पुढच्या लेखात.