मनुष्याला पंख फुटतील काय?

काशीच्या पंचगंगा घाटावर कार्तिक महिन्यातील सायंकाळी उभे राहिले, म्हणजे दृष्टी आपोआप वर जाते. उंच वेळूंच्या टोकांशी दोरीने टोपल्या चढविलेल्या असतात आणि प्रत्येक टोपलीत एक दिवा तेवत असतो. हेच येथील प्रसिद्ध आकाशदीप. पितरांना वाट दिसावी म्हणून ते लावतात, अशी श्रद्धा आहे. घाटाच्या माथ्यावर औरंगजेबाच्या काळातील मशीद, जवळच्या गल्लीत बिंदुमाधवाचे मंदिर आणि खाली अहल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखली जाणारी दगडी दीपमाळ. मराठी माणसाला हा घाट परका वाटत नाही; ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगा ह्या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. मशिदीला एके काळी दोन अतिशय उंच मनोरे होते. ते आता उरलेले नाहीत. त्या उंचीवर आता फिरतात ते पारवेच.

अशाच एका कुटुंबातील दहावीतला मुलगा आमच्याबरोबर पायऱ्यांवर बसला होता. पारव्यांचा थवा नदीवर वळसा घेऊन परत आला, तेव्हा त्याने विचारले, “काका, माकडाचा माणूस झाला म्हणतात. मग माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या उडण्याचा प्रयत्न केला, तर लाख वर्षांनी आपल्यालाही पंख फुटतील ना?” प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. राष्ट्रीय परिषदेच्या दहावीच्या विज्ञान-पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग २०२३ साली वगळला गेला. बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्यालाच तो आता तेथे भेटतो. बाकीच्यांनी आपली समजूत ऐकीव गोष्टींवरूनच बांधावयाची. म्हणून त्या मुलाला घाटावर दिलेले तुटक उत्तर येथे सविस्तर मांडीत आहोत.

आरंभी एका शब्दाची अडचण सांगितली पाहिजे. भाषांतर करणाऱ्याला ती रोज भेडसावते. ‘उत्क्रांती’ ह्या शब्दातील ‘उत्’ म्हणजे वर. त्यामुळे शब्द ऐकताच जिना चढणारा प्राणी डोळ्यांपुढे येतो: आधी मासा, मग बेडूक, मग माकड, मग माणूस आणि पुढच्या पायरीवर बहुधा पंखवाला माणूस! गंमत अशी, की जुन्या संस्कृतात ह्याच शब्दाचा अर्थ प्राण देहातून निघून जाणे असा आहे. म्हणजे ज्यासाठी शतकानुशतके लोक काशीला येत राहिले, तेच. निसर्गात घडते ते ह्या दोहोंपैकी काहीच नव्हे. एका जातीच्या प्राण्यांत जन्मतःच लहानसहान फरक असतात. ज्या फरकामुळे अधिक संतती जगते, तो पुढील पिढ्यांत अधिक आढळू लागतो. त्याला वरची दिशा नाही, इच्छेची जोड नाही आणि सरावाचे फळही वारशाने मिळत नाही. लोहाराच्या मुलाला बापाचे पिळदार दंड जन्मासोबत लाभत नाहीत. शिवाय माणूस आजच्या माकडापासून झालेला नाही. दोघांचे पूर्वज एक होते, एवढेच.

आता पारव्याकडे वळू. त्याचे वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असते आणि त्याचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग केवळ उडण्याच्या स्नायूंचा असतो. समजा, आकार जसाच्या तसा ठेवून हा पारवा साठ किलोग्रॅमचा केला. वजन सुमारे १७१ पट झाले. परंतु लांबी वाढली फक्त साडेपाचपट आणि पंखांचे क्षेत्रफळ सुमारे एकतीसपट. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस इंचावर पूर्वीच्या साडेपाचपट भार आला. तो भार हवेने उचलून धरावा, तर वेग २.४ पट हवा. आणि एवढे वजन एवढ्या वेगाने नेण्यास लागणारी शक्ती सुमारे चारशेपट होते. स्नायू मात्र १७१ पटच वाढले, आणि मोठा पंख सावकाश हलत असल्यामुळे त्यांच्याकडून तेवढेही काम निघत नाही. शरीर मोठे होत जाते, तसतसे उड्डाण महाग होते ते असे.

जे. बी. एस. हॉल्डेन ह्या शास्त्रज्ञांनी १९२६ साली, प्राण्याचा योग्य आकार कोणता, ह्यावर एक छोटा निबंध लिहिला. माणसाएवढ्या देवदूताला पंख हलविण्याचे स्नायू बसवावयाचे, तर त्याची छाती चार फूट पुढे आली पाहिजे, असा हिशेब त्यांनी त्यात केला होता. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले.

आपल्याकडे ह्या मर्यादेजवळ पोहोचलेला पक्षी म्हणजे माळढोक. सोलापूरजवळ नान्नजचे अभयारण्य त्याच्यासाठीच राखले गेले. मोठ्या नराचे वजन पंधरा किलोग्रॅमपर्यंत जाते. तो उडतो, पण जड देहामुळे त्याला हवेत चटकन वळता येत नाही, समोरचेही नीट दिसत नाही, आणि विजेच्या तारांवर आदळून त्यांपैकी कित्येक मरतात. आज ही जात नामशेष होण्याच्या काठावर आहे.

येथे चाणाक्ष वाचक हरकत घेईल, की पूर्वी तर ह्याहून कितीतरी मोठे प्राणी उडत होते. हरकत रास्त आहे. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात १९७१ साली ज्याचे अवशेष सापडले, त्या क्वेट्झलकोट्लस नावाच्या उडत्या सरीसृपाच्या पंखांचा विस्तार दहा मीटरच्या आसपास होता आणि वजन दोनशे किलोग्रॅमवर असावे, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे. तेव्हा साठ किलोग्रॅम ही निसर्गाला अशक्य गोष्ट नव्हे. परंतु त्याची हाडे पोकळ व पातळ होती, आणि मुख्य म्हणजे त्याचे पूर्वज लहान व उडतेच होते. कीटक, हे सरीसृप, पक्षी आणि वटवाघळे अशा चार वंशांत उड्डाण स्वतंत्रपणे उपजले. आपल्याला जे कळले आहे, त्यावरून ह्या प्रत्येक वंशात पंख आले ते लहान देहाला. देह वाढला तो पुढे. माणसाला ही वाट धरावयाची, तर प्रथम बराच लहान व्हावे लागेल. आपला मेंदूच चार पारव्यांच्या वजनाचा आहे!

मग आशेला जागाच नाही काय? एक जागा आहे, आणि ती फार विलक्षण आहे. अंधार पडू लागला, की घाटावर पारव्यांची जागा वटवाघळे घेतात. वटवाघूळ हा आपल्यासारखाच सस्तन प्राणी. त्याच्या पंखात दंडाचे हाड, कोपर, मनगट, आंगठा आणि चार बोटे असे सर्व काही आहे. बोटे अतोनात लांबली आणि त्यांच्यामधून कातडी पसरली, म्हणजे पंख झाला. आता मातेच्या उदरातील मनुष्य-गर्भ पाहा. सहाव्या आठवड्याच्या सुमारास त्याचा हात वल्ह्यासारखा असतो आणि बोटांच्या मध्ये पडदा असतो. पुढील दोनेक आठवड्यांत त्या पडद्यातील पेशी ठरल्याप्रमाणे मरतात व बोटे सुटी होतात. वटवाघळाच्या गर्भात काही रासायनिक संदेश ह्या मरणाला अटकाव करतात, म्हणून पडदा टिकतो. क्वचित एखादे मूल जोडलेली बोटे घेऊन जन्मते, आणि शल्यचिकित्सक ती सुटी करतात.

ते सुटी करतात, ह्यातच उरलेले उत्तर आहे. अर्धवट पंखाचाही त्या त्या पिढीला उपयोग झाला पाहिजे. लाख वर्षांनंतरच्या उपयोगाकरिता निसर्ग काही राखून ठेवीत नाही. उडत्या खारीला अंगाच्या दोन्ही बाजूंच्या कातडीचा आजच उपयोग होतो. सह्याद्रीच्या जंगलांतील उडत्या सरड्यालाही फासळ्यांवर ताणलेल्या पडद्याने एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाता येते. ही जनावरे इतकी हलकी, की झेप चुकली तरी बहुधा जीव वाचतो. माणूस जुन्या मनोऱ्याच्या उंचीवरून पडला, तर बोटांमधील इंचभर पडदा त्याला वाचविणार नाही; उलट त्या हाताला लेखणी, सुई किंवा सनई धरता येणार नाही. ह्याच घाटावरील बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षे रियाज करीत, तो सुट्या बोटांच्याच बळावर.

काळाचाही हिशेब पाहू. एक लाभदायक जनुक संपूर्ण जातीत रूढ होण्यास सरासरी तीनशे पिढ्या लागाव्यात, असा अंदाज हॉल्डेन ह्यांनी १९५७ मध्ये मांडला. त्यावर पुढे वाद झाले. तथापि तो धरून चालले, तर मनुष्याच्या बाबतीत एका जनुकाला साडेसात हजार वर्षे होतात. आणि पंखाला एक जनुक पुरत नाही. हाडे, स्नायू, फुप्फुसे, कातडी ही सर्व बदलावी लागतील, आणि त्या बदलांच्या वाटेवर प्रत्येक पिढीला लाभ व्हावा लागेल. असा लाभ कोठे दिसत नाही. म्हणून आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. आणि ते निसर्गाच्या नियमाइतके कठोर नसले, तरी व्यवहारात तेवढेच पक्के आहे.

मुलाचा चेहरा उतरला, तेव्हा त्याला आणखी एक हकीकत सांगितली. मनुष्याचे खरे बळ पायांत आहे. हे ध्यानी घेऊन अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेच्या मंडळींनी पायटे मारून चालणारे एक विमान बांधले. त्याच्या पंखांचा विस्तार चौतीस मीटर आणि वजन केवळ एकतीस किलोग्रॅमच्या आसपास होते. २३ एप्रिल १९८८ रोजी कानेलोस कानेलोपूलोस हा ग्रीक सायकलपटू ते घेऊन क्रीट बेटावरून निघाला आणि चार तासांना थोडी कमी इतका वेळ सतत पाय मारीत समुद्रावरून ११५ किलोमीटर उडाला. सांतोरिनीचा किनारा काही मीटरांवर आला असताना वाऱ्याच्या झोताने विमानाची मोडतोड झाली व ते पाण्यात कोसळले. तो पोहत किनाऱ्याला लागला.

“म्हणजे तो पोहोचला ना?” मुलाने विचारले. वर वेळूवरची एक टोपली वाऱ्याने हेलकावत होती, आणि दिवा विझू नये म्हणून कोणीतरी दोरी सैल करून ती सावकाश खाली घेत होते.