एक ‘जैसे थे’ घर : १८, स्टॅफर्ड टेरेस

जुनी वास्तू टिकली की तिचं श्रेय बांधणाऱ्याला द्यायची आपली रीत आहे. लंडनच्या १८, स्टॅफर्ड टेरेस या घराच्या बाबतीत ते श्रेय एका अविवाहित मुलाला द्यावं लागतं. त्याने आयुष्यात फारसं काही केलं नाही आणि घराचंही काही केलं नाही. हे घर वाचलं ते त्यामुळेच.

केन्सिंग्टन भागातल्या या रस्त्यावर भिंतीला भिंत लावून उभी केलेली एकसारखी उंच घरं आहेत. १८७० च्या आसपास विकण्यासाठीच बांधलेली. एडवर्ड लिनली सॅम्बोर्न आणि मॅरियन हेरापाथ यांचं लग्न १८७४ मध्ये झालं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी अठरा नंबरचं घर ८९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर २,००० पौंडांना घेतलं. पायाखालची जमीन एखाद्या बड्या घराण्याची आणि वरचं घर मुदतीपुरतं आपलं, असा तेव्हाच्या लंडनचा सर्रास मामला.

सॅम्बोर्न ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार. या साप्ताहिकाचा दबदबा इतका, की मुंबईत ‘हिंदी पंच’ आणि ठाण्यात ‘हिंदू पंच’ निघालं. एक पाय कैरोवर आणि एक केपटाउनवर रोवून आफ्रिकेवर पसरलेला सेसिल ऱ्होड्स आपण इतिहासाच्या पुस्तकांत पाहिलेला असतो. १८९२ चं ते चित्र याच सॅम्बोर्नचं. सासरा शेअर दलाल होता, पण जावई रेषेवर जगणारा. कमाई बरी, हौस मात्र कमाईच्या दोन पावलं पुढे.

ती हौस घरभर दिसते. त्या काळी कलावंतांच्या वर्तुळात ‘घर सुंदर हवं’ या विचाराची लाट होती : विल्यम मॉरिसचे वेलबुट्टीचे भिंतकागद, निळी-पांढरी चिनी भांडी, रंगीत काचा. सॅम्बोर्नने हे सगळं केलं, पण जमेल तसं. अस्सल जुन्या फर्निचरच्या जोडीला नकला आल्या. भिंतींवर थोरांच्या मूळ चित्रांऐवजी त्यांच्या छापील प्रती आणि फोटो इतके दाटले की मधला कागद शोधावा लागतो. पुढे दिवाणखान्यात चामड्यासारखा दिसणारा महागडा जपानी कागद लावायचं ठरलं, तेव्हा तो चित्रांच्या मागे लावलाच नाही, उघड्या राहणाऱ्या जागांपुरताच चिकटवला. या एका काटकसरीत मला अख्खं मध्यमवर्गीय व्हिक्टोरियन मन दिसतं. लॉर्ड लेटन या श्रीमंत चित्रकाराचं अरबी दालनवालं घर इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ते पाहून माणूस थक्क होतो. सॅम्बोर्नचं घर पाहताना हिशेब कळतो.

या घरात कामही जोरात चाले. ‘पंच’च्या संपादक-चित्रकारांचं बुधवारी रात्री एकत्र जेवण व्हायचं, तिथे त्या आठवड्याच्या मोठ्या चित्राचा विषय ठरे आणि एक-दोन दिवसांत चित्र हातावेगळं करावं लागे. एवढ्या वेळात गणवेशाची घडी, घोड्याची मान, वाकलेला गुडघा अचूक यायचा कसा? सॅम्बोर्नने कॅमेरा हाती घेतला. गाडीवान, नोकर, बायको, मुलं, हाती लागेल त्याला वेष चढवून तो मागच्या अंगणात उभं करी. कधी स्वतःच उभा राही. न्हाणीघर ही त्याची डार्करूम. निळ्या छटेचे हजारो फोटो अजून शिल्लक आहेत. त्यांत सगळे कामाचे नाहीत. मॅरियन बाहेरगावी असताना घरात काढलेली मॉडेल्सची नग्न छायाचित्रं आहेत आणि छुप्या कॅमेऱ्याने टिपलेल्या, रस्त्यावरून जाणाऱ्या मुलीही. हे घर आता संग्रहालय आहे, त्याच्या झगमगाटात हा भाग विसरू नये.

मॅरियनचं लिखाण वेगळ्या जातीचं. १८८१ पासून मरेपर्यंत तिने रोजनिशी ठेवली : पाहुणे, दुखणी, नोकरांच्या कटकटी, पैशाची चिंता. शिवाय घरातल्या वस्तूंची १८७७ मधली यादीही आहे. आज एखादी खुर्ची मुळात कुठल्या खोलीत होती हे सांगता येतं ते अशा कागदांमुळे.

सॅम्बोर्न १९१० मध्ये गेला, मॅरियन १९१४ मध्ये. घर आलं मुलाकडे, रॉयकडे. ईटन, ऑक्सफर्ड, मग शेअर बाजार, पण कुठेच डोळ्यांत भरण्यासारखं काही नाही. नट्यांच्या फोटोंनी सजवलेली खोली तेवढी खास त्याची. लग्न केलं नाही, त्यामुळे ‘हा जुना पसारा काढा’ म्हणणारी नवी माणसं घरात आली नाहीत. दोन महायुद्धं होऊन गेली, आजूबाजूच्या घरांचे फ्लॅट झाले. इथे पडदेसुद्धा आईबापांच्या पद्धतीचेच. १९४६ मध्ये रॉय वारला.

मग बहीण मॉड. १८९८ मध्ये ती मेसेल घराण्यात गेली होती. माहेरच्या घरावर तिचा जीव, म्हणून तिने ते मोडू दिलं नाही. तिच्या मुलीने, म्हणजे ॲन, काउंटेस ऑफ रॉस हिने ते लंडनमधलं घर म्हणून वापरलं. (ॲनचा पहिल्या लग्नाचा मुलगा म्हणजे राजकन्या मार्गारेटशी लग्न करणारा छायाचित्रकार लॉर्ड स्नोडन. पणजोबा, म्हणजे आईचा आजोबा, कॅमेऱ्यामागे असल्याचा हा वारसा.) रॉयला जे नुसतं राहू द्यायचं होतं, ते ॲनला समजून-उमजून जपायचं होतं. त्या काळात ‘व्हिक्टोरियन’ म्हणजे बोजड, पाडून टाकण्याजोगं असाच समज. ५ नोव्हेंबर १९५७ रोजी तिने याच घरात माणसं जमवली, त्यांत कवी जॉन बेटजमन होते. पुढच्या वर्षी व्हिक्टोरियन सोसायटी स्थापन झाली. यूस्टन स्थानकाची भव्य कमान तिला वाचवता आली नाही, सेंट पँक्रस वाचलं. आपल्या बोरीबंदरची आठवण करून देणारं तेच ते स्टेशन.

१९८० मध्ये ॲनने सामानासकट घर ग्रेटर लंडन कौन्सिलला विकलं आणि सोसायटीच्या देखरेखीखाली ते लोकांसाठी खुलं झालं. कौन्सिल १९८६ मध्ये बरखास्त झाली, १९८९ पासून घर केन्सिंग्टन अँड चेल्सी या बरोची मालमत्ता आहे. दरम्यान ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ या चित्रपटाचं थोडं चित्रीकरण इथे झालं. निर्माते इस्माइल मर्चंट, जन्माने मुंबईकर.

लंडनला गेलात तर हाय स्ट्रीट केन्सिंग्टन स्थानकावर उतरा, तिथून हे घर पायी काही मिनिटांवर आहे. आधी लेटनचं घर पाहा आणि मग हे, म्हणजे दोघांच्या खिशातला फरक कळेल. आणि दिवाणखाना पाहून झाला की रॉयच्या खोलीत जरा जास्त वेळ थांबा.