फाल्गुनातले आमिष

‘महाशिवरात्रीनंतर थंडी जात नाही, माणसांच्या अंगावरून उतरते आणि पाण्यात जाऊन बसते,’ असे आमचे काका म्हणत. ग्वाल्हेरीस ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना यातील तथ्य सांगावयास नको. दुपारी स्वेटर नकोसा होतो. पण तिघऱ्याच्या धरणात हात घालावा, तर तो शहारून मागे येतो. गळ टाकून बसणाऱ्याची खरी परीक्षा याच दिवसांत असते.

लष्करातील आमच्या घरात मासा शिजत नसे. काका पकडलेला मासा सोडून देत, नाही तर नावाड्याच्या टोपलीत टाकीत. ‘खायचा नाही तर धरायचा कशाला?’ हा आजीचा प्रश्न अखेरपर्यंत अनुत्तरितच राहिला. मला मात्र दर रविवारी सायकलीवर डबलसीट बसून तिघऱ्याला जावयास मिळे.

ग्वाल्हेरपासून सुमारे तेवीस किलोमीटरवर, सांक नदीवर हे धरण माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत १९१६ साली पूर्ण झाले. दुसऱ्याच वर्षी, ऑगस्ट १९१७ मध्ये, ते फुटले व पुन्हा बांधावे लागले. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्यास प्रथम बसविलेले आपोआप उघडणारे दरवाजे पुढे येथेही आले. शहराची तहान आजही हेच पाणी भागविते.

आता मूळ मुद्दा. मासा हा थंड रक्ताचा प्राणी. पाणी गार, तर त्याचे अंग गार; अंग गार, तर पचन मंद आणि भूक बेताची. रोहू, कटला, नैन ही आपल्याकडची मंडळी पंचवीस ते तीस अंशांच्या पाण्यात सुखाने चरतात. पाणी वीस अंशांच्या खाली गेले की ती खोल जागा धरून स्वस्थ राहतात. उपाशी असतात असे नव्हे; पण घासासाठी चार हात धावण्याची त्यांची तयारी नसते. म्हणून फाल्गुनात आमिष लहान हवे, ते माशाच्या तोंडापुढे न्यावयास हवे, आणि हलवावयाचेच असेल तर अगदी हळू. पावसाळ्यानंतर चालणारी लिंबाएवढी कणकेची गोळी या दिवसांत व्यर्थ होय. हरभऱ्याएवढी पुरे. काका सत्तू आणि कणिक एकत्र मळीत, थोडी बडीशेपेची पूड घालीत. मोहरीच्या पेंडीचा चारा मूठभरच टाकीत. मंद भुकेच्या माशाचे पोट चाऱ्यानेच भरले, तर गळाकडे तो कशाला बघेल?

शिवाय कोणाचे तोंड कोठे आहे, हेही पाहिले पाहिजे. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या थरात चरणारा, रोहू मधला, नैन तळाचा. गार पाण्यात नैनासाठी तळाशी सोडलेले बारीक गांडूळ, याहून भरवशाचे आमिष मला ठाऊक नाही.

हा विचार काही आजचा नव्हे. मराठीच्या विद्यार्थ्यांस ‘मानसोल्लास’ ठाऊक असतो तो त्यातील जुन्या मराठी पदांमुळे. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणच्या, चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचा हा ग्रंथ ११२९ च्या सुमाराचा. राजाच्या करमणुकींत त्याने मत्स्यविनोदही घातला आहे: माशांच्या जाती, त्यांना काय चारावे, काठी, दोरी, गळ आणि ज्याला त्याला वेगळे आमिष. श्रीगोंदेकरांनी संपादिलेली त्याची बडोद्याची आवृत्ती एम.ए.च्या वर्षी चाळताना मला हे प्रकरण सापडले. मी ते काकांना वाचून दाखविले. ‘राजाला रविवारची वाट पाहावी लागत नसेल,’ एवढेच ते बोलले.

यंदा फाल्गुनात मुलगा बंगळूरहून आठ दिवसांसाठी आला. तो गेली चार वर्षे होळीलाही येऊ शकला नव्हता. रीतसर परवानगी काढून आम्ही पहाटेच निघालो. जाताना शाळेच्या प्रयोगशाळेतील तापमापक मी खिशात टाकला. त्याच्या पेटीत चकाकणारे चमचे, रबराचे मासे, एक रबराचा बेडूक.

“बाबा, गांडुळं कशाला? हे बघा ना.”

मी काही बोललो नाही. तापमापकाने सतरा अंश दाखविले. त्याचा चमचा सकाळभर पाणी कापीत राहिला. त्याच्याकडे कोणी फिरकले नाही. माझ्या मोरपिसाच्या दांडीचा तरंगही निश्चल. अकराच्या सुमारास ती किंचित थरथरली, आणि इतक्या वर्षांच्या अनुभवाने शहाणा झालेल्या मी उतावीळपणे काठी उचलली. गळ रिकामा! गार पाण्यातला मासा घास आधी नुसता ओठांत धरून बघतो, थांबावे लागते, हे मी मुलाला तासभर आधीच ऐकविले होते. तो हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा.

जेवणानंतर उथळ खाडीकडे सरकलो. उन्हाने तेथले पाणी एकवीस अंशांवर आले होते. एक नैन मला मिळाला, वीतभर. मुलाने चमचा काढून रबराचा मासा लावला. मी म्हटले, “अरे, गोगलगाय चालते तसा ओढ.” गवताच्या कडेने त्याने तो ओढला, थांबविला, पुन्हा ओढला. तिसऱ्या खेपेस गवत हलले आणि काठी वाकली. मरळ होती, चांगली हातभर लांब. रबराचा तुकडा माझ्या गांडुळावर मात करील, हे मला पटावयास जड गेले. पण मरळ शिकारी जात, तिला हलणारे भक्ष्य हवे, आणि ते मी तिला दिलेच नव्हते. आम्ही दोन्ही मासे सोडून दिले.

रात्री काकांकडे गेलो. वयाची पंचाऐंशी उलटलेली, गुडघे निकामी. ते आता तिघऱ्याला येत नाहीत. किती मासे मिळाले, हे त्यांनी विचारलेच नाही.

“पाणी किती गार होतं?”

“सकाळी सतरा,” मी म्हणालो.

“मग सकाळी गेलातच कशाला?”

रबराचा मासा त्यांनी हातात घेऊन बोटांनी चाचपला, शेपटी वाकवून पाहिली आणि नातवाकडे वळले. “चैत्रात कटला वर येतो. सोळा जूनला बंदी लागते. त्याच्या आधी येशील का रे?”

मुलगा मोबाईलमध्ये सुट्ट्यांच्या तारखा पाहू लागला.