तीन वह्या, एक मूल



गेल्या अंकातला अहवाल वाचून एका मंडळीतील वडीलधाऱ्या बंधूंनी मला विचारले, "सिस्टर, पूर्वी पोषक पिठाची इतकी पाकिटे वाटत होता, यंदा आकडा निम्म्यावर कसा आला? काम कमी झाले का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर नीट द्यायचे तर आधी एका मुलाविषयी सांगावे लागेल.

मी पालघर जिल्ह्यात, जव्हार भागातील पाड्यांवर आपल्या मिशनची परिचारिका म्हणून काम करते. दीड वर्षाचा एक कातकरी मुलगा आमच्या पाहण्यातला होता. त्याचे नाव तीन वह्यांत होते: अंगणवाडी सेविकेच्या वजनाच्या नोंदवहीत, आरोग्य सेविकेच्या लसीकरणाच्या यादीत आणि आमच्या वाटपाच्या वहीत. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन त्याचे आईवडील त्याला घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेले. अंगणवाडीने लिहिले, "स्थलांतरित". आरोग्य सेविकेने लिहिले, "गैरहजर". आम्ही लिहिले, "वाटप पूर्ण", कारण पाकीट आजीने घेतले होते.

होळीला कुटुंब परत आले, तेव्हा मुलाच्या दंडाला मी पट्टी लावली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल तीव्र कुपोषित समजतात. याचा घेर अकराही भरला नाही. तिन्ही वह्यांतली नोंद खरी होती. कोणी कामचुकारपणा केला नव्हता. तरी चार महिने तो मुलगा कोणाचाच नव्हता.

असे का होते? कुपोषण हा एका खात्याचा प्रश्न नाही. अंगणवाडीतला आहार महिला व बालविकास विभागाकडे, लस आणि उपचार आरोग्य विभागाकडे, रेशन पुरवठा विभागाकडे, रोजगार हमीचे काम आणखी कोणाकडे. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी 2015 साली अमृत आहार योजना सुरू झाली. तिचा पैसा आदिवासी विकास विभागाचा, पण जेवण शिजते अंगणवाडीच्या देखरेखीखाली. त्यात आमच्यासारख्या संस्थांची भर. प्रत्येकाचे काम ठरलेले आहे. दोन कामांच्या मधल्या जागेचे मात्र कोणी ठरवलेले नसते, आणि मूल तिथेच हरवते.

हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. 1992 साली याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे बालमृत्यू झाले आणि राज्य हादरले. पुढे 1995 साली नवसंजीवनी योजना आली. आरोग्य, आहार, धान्य, रोजगार आणि पिण्याचे पाणी यांची आदिवासी भागातील कामे एका सूत्रात आणणे हा तिचा हेतू. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली खात्यांना एकत्र बसवण्याची व्यवस्था झाली. गाभा समिती म्हणतात ती हीच. 2005 साली औरंगाबादेत राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. त्याने स्वतःची नवी योजना काढण्यापेक्षा आहे त्या खात्यांना एकमेकांशी जोडण्यावर भर दिला. दोन वर्षांखालील खुज्या मुलांचे राज्यातील प्रमाण 2005-06 मध्ये सुमारे 39 टक्के होते, ते 2012 च्या पाहणीत 24 टक्क्यांच्या आसपास आले. सगळे श्रेय त्या मिशनचे नव्हे. पण एकत्र चालल्याने फरक पडतो, एवढे म्हणता येते.

मात्र एकत्र बसणे म्हणजे एकत्र काम करणे नव्हे. आमच्याही मासिक बैठका होत. प्रत्येक जण आपला अहवाल वाची, चहा होई आणि आपण समन्वय केला असे समजून आम्ही उठत असू. त्या मुलानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या.

पहिली, तीन वह्यांची एकच यादी केली. बैठकीत आता खात्यांचे अहवाल वाचत नाहीत, मुलांची नावे वाचतात. दुसरी, प्रत्येक नावापुढे एकाच व्यक्तीचे नाव आणि तारीख लिहितो. "सर्वांची जबाबदारी" म्हटले की ती कोणाचीच राहत नाही. तिसरी, दिवाळीपूर्वीच भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची यादी करतो आणि तिकडच्या अंगणवाडी सेविकेला फोन करून मूल तिच्या हवाली करतो. स्थलांतरितांचा माग ठेवणारी संगणकीय पद्धत महिला व बालविकास विभागाने अलीकडे सुरू केली आहे. तिचा उपयोग होतो, पण फोनवर एक बाई दुसऱ्या बाईला "आमचं लेकरू येतंय, बघा" म्हणते, त्याची गोष्ट वेगळी.

या बदलात आम्हालाही काही सोडावे लागले. याद्या जुळवल्या तेव्हा दिसले की रस्त्यालगतच्या पाड्यांवर अंगणवाडीचा आहारही पोचतो आणि आमचे पाकीटही. डोंगरापलीकडे दोन्ही नाही. फोटो जिथे सोपा, तिथे मदत दुहेरी. आम्ही तिथली पाकिटे थांबवली.

मग तो पैसा कुठे गेला? त्या मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायचे होते. तिथे आईला मुलासोबत चौदा दिवस राहावे लागते. आई म्हणाली, "मी इथं बसले तर बाकीची दोघं काय खातील, ताई?" बुडीत मजुरी सरकार देते, पण ती हाती पडेपर्यंत घरची चूल थांबत नाही. आम्ही आजीला धान्य दिले, बसभाडे दिले आणि आमची एक बाई रोज त्या दोन भावंडांकडे जाऊन आली. आई राहिली. मुलगा सुधारला; आज तो अंगणवाडीत धावत येतो. अशा खर्चाची पाकिटे मोजता येत नाहीत.

अडचणी संपलेल्या नाहीत. अधिकाऱ्याची बदली झाली की बैठक थंडावते. सेविकांवर कामाचा बोजा आधीच मोठा आहे, तेव्हा आणखी एक वही त्यांच्यावर लादायची नाही, हे भान आम्हाला ठेवावे लागते.

नहेम्याच्या काळी यरुशलेमेचा तट बावन्न दिवसांत उभा राहिला. अनेकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. पण तो शेजाऱ्याच्या भागाला जोडला गेला, म्हणूनच तो तट झाला.

तेव्हा त्या बंधूंना माझे उत्तर असे: काम कमी झालेले नाही, पण त्यावर आपले नाव कमी दिसेल. मूल अंगणवाडीच्या जेवणाने सुधारले, तर तो आकडा अंगणवाडीच्या वहीत जाईल. तो तिथेच शोभतो. यंदाची भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची यादी आम्ही सध्या करीत आहोत. त्यातले एकही नाव वाटेत गळू नये, म्हणून आपल्या प्रार्थनेत आमची आठवण असू द्या.