फुकटच्या खिडकीची किंमत

शाळा-महाविद्यालये, पतसंस्था आणि लहान उद्योग यांच्या संकेतस्थळांवर आज एक अर्ज हमखास आढळतो. नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक लिहावा, एखादा दाखला जोडावा आणि कळ दाबावी. अर्जदाराच्या दृष्टीने ही कार्यालयाची खिडकीच होय. पण पुष्कळदा ती त्या संस्थेने बांधलेली नसते. वर्डप्रेससारख्या मोफत प्रणालीवर संकेतस्थळ उभारायचे आणि अर्जासाठी तिसऱ्याच कोणी लिहिलेला ‘प्लगइन’ त्याला जोडायचा, अशी रीत आहे. ती सोयीची आहे, स्वस्तही आहे. परंतु या स्वस्ताईचा हिशेब पुरता मांडला जात नाही.

अलीकडची तीन उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत. ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ हा प्लगइन पन्नास लाखांहून अधिक संकेतस्थळांवर वापरात असताना, डिसेंबर २०२० मध्ये त्यातील एक दोष उघड झाला. अर्जासोबत आलेल्या फाइलचे नाव तपासताना काही विशेष चिन्हे नजरेतून सुटत. त्यामुळे निरुपद्रवी भासणाऱ्या फाइलच्या रूपाने घातक प्रोग्राम आत शिरण्याचा धोका होता. जून २०२२ मध्ये दहा लाखांहून अधिक संकेतस्थळांवरील ‘निंजा फॉर्म्स’मधील दोष इतका गंभीर मानला गेला, की मालकांची वाट न पाहता सुधारित आवृत्ती परस्पर बसविण्यात आली. २०२४ च्या अखेरीस ‘डब्ल्यूपीफॉर्म्स’मध्ये तर साध्या सभासदालाही ग्राहकांनी भरलेले पैसे परत फिरविण्याची आज्ञा देता येईल, अशी फट सापडली. आज्ञा देणाऱ्यास तसा अधिकार आहे काय, एवढीच विचारणा करावयाची राहून गेली होती!

या तिन्ही प्रसंगी दुरुस्ती उपलब्ध झाली. मात्र दुरुस्ती प्रसिद्ध होणे आणि ती प्रत्यक्ष बसविली जाणे, यांत मोठे अंतर असते. दोषाचा तपशील जाहीर होताच तो पहारेकऱ्याप्रमाणे चोरालाही कळतो. जुनी आवृत्ती तशीच ठेवणारे संकेतस्थळ त्या दिवसापासून अधिकच असुरक्षित होते.

मग दुरुस्तीची टाळाटाळ का व्हावी? केवळ अज्ञान हे त्याचे उत्तर नव्हे. केंब्रिज विद्यापीठातील रॉस अँडरसन यांनी २००१ साली एका निबंधात दाखवून दिले, की माहितीच्या सुरक्षिततेचा प्रश्न तांत्रिक आहे तितकाच आर्थिकही आहे. रक्षण करणे ज्याच्या हाती आहे, त्याला हानीची झळ पोहोचत नसेल, तर रक्षण ढिले पडते. अर्थशास्त्र ज्याला बाह्य परिणाम म्हणते, तो हाच. कारखानदार सांडपाणी नदीत सोडतो आणि खालच्या गावाला ते प्यावे लागते, तसाच हा प्रकार. प्लगइन निवडते संस्था. दूरध्वनी क्रमांक आणि दाखले चोरीस जातात ते विद्यार्थ्याचे वा ठेवीदाराचे. त्याला खिडकी निवडण्याची मुभा कधीच नव्हती.

मोफत प्लगइन लिहिणाऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. त्याने आपले श्रम सर्वांना खुले केले आहेत. त्यांचा लाभ लाखो संस्था घेतात, देखभालीस हातभार लावणारे मात्र विरळा. इमारत बांधण्यास पैसा मिळावा आणि डागडुजीस मिळू नये, ही आपल्याकडील जुनीच खोड येथेही दिसते.

संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. सुरक्षिततेची वाजवी उपाययोजना न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. दिशा योग्य आहे. तथापि, दंडाच्या भयापेक्षा रोजची शिस्त अधिक उपयोगी पडेल. दुरुस्ती बसविण्याचे काम एका ठराविक व्यक्तीकडे असावे, त्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम असावी, वापरात नसलेले प्लगइन काढून टाकावेत आणि काम संपलेले अर्ज नष्ट करावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जी माहिती लागत नाही ती मागूच नये. जी मागितलीच नाही, ती चोरीस जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.