अर्ध्या हळकुंडाने पिवळे

हट्टा गावाच्या शिवारात फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद निघते. ती शिजवायची, उन्हात खडखडीत वाळवायची, ड्रममध्ये घालून पॉलिश करायची आणि वसमतच्या मोंढ्यात न्यायची. पॉलिश केलं की कुठलंही हळकुंड चमकतं, हे खरेदीदाराला ठाऊक असतं. म्हणून तो ढिगातून एक उचलून कटकन मोडतो आणि आतला रंग बघतो. भाव तिथं ठरतो.

विज्ञानाच्या मोंढ्यात मोडून बघायची ही रीत फारशी नाही. शोधनिबंध छापण्याआधी दोन-तीन जाणकार तो वाचतात खरे, पण प्रयोगशाळेच्या वहीत सहसा कुणी डोकावत नाही. लेखकानं दिलेले आकडे आणि फोटो खरे धरूनच परीक्षण होतं.

याचं एक गाजलेलं उदाहरण हळदीचंच आहे. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधले भरत अगरवाल म्हणजे कर्क्युमिनच्या, हळदीला पिवळेपण देणाऱ्या द्रव्याच्या, संशोधनातलं बडं नाव. पेशीतली प्रथिनं वेगळी केली की फिल्मवर काळ्या पट्ट्या उमटतात. त्यांच्या निबंधांतल्या अशा पट्ट्यांच्या फोटोंवर शंका घेतल्या गेल्या. एकच फोटो वेगवेगळ्या प्रयोगांचा म्हणून वापरल्याचे आक्षेप आले. २०१२ मध्ये संस्थेत चौकशी सुरू असल्याचं बाहेर आलं. २०१६ मध्ये एका नियतकालिकानं त्यांचे सात निबंध एकदम मागे घेतले आणि पुढे एकूण आकडा तिसाच्या आसपास गेला. तोवर इतरांनी त्यांचे दाखले देऊन आपापले निबंध उभे केले होते. पाया काढला तरी वरचे मजले आपोआप उतरत नाहीत.

२०१७ मध्ये काही रसायनतज्ज्ञांनी कर्क्युमिनचा आढावा घेतला. ते स्वतःच चमकतं, प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या चाचण्या फसून ‘गुण आला’ असं दाखवतात. माणसांवरच्या शंभराहून अधिक चाचण्या झाल्या. पण डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही अंधारात ठेवून केलेल्या काटेकोर चाचणीत त्याचं यश त्यांना सापडलं नाही. यात हळदीचा दोष नाही. वरणातली हळद तिच्या जागी ठीक आहे.

हळदीची दुसरी गोष्ट आपल्याला जास्त आवडते. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये मिळालं. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर त्या काळात ‘सीएसआयआर’ या संशोधन संस्थेचे महासंचालक होते. संस्थेनं जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय निबंध पुढे ठेवला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द करून घेतलं. तुम्ही नवं म्हणता ते आमच्याकडे आधीपासून आहे, एवढाच मुद्दा होता. दहा वर्षांनी तोच मुद्दा उलटला. माशेलकरांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीनं औषध पेटंटवर दिलेल्या अहवालात शम्नाद बशीर या अभ्यासकाच्या निबंधातला मजकूर जसाच्या तसा आढळला. अहवाल २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. सुधारलेला २००९ मध्ये आला. माशेलकरांनी पहिला अहवाल मागे घेतला, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे बहुतेक जण ‘टायपिस्टची चूक’ म्हणून मोकळे होतात.

हट्ट्याची पोरं पीएच.डी.साठी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे जातात, तिथं त्यांची गाठ नक्कल मोजणाऱ्या टक्केवारीशी पडते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत इतरांच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे. चाळीसपर्यंत गेलं तर सहा महिन्यांत प्रबंध दुरुस्त करायचा, साठपर्यंत गेलं तर वर्षभर सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. म्हणून मग शब्द फिरवायचे, ‘आहे’चं ‘असते’ करायचं, इंग्रजी निबंधाचा अनुवाद करून तो आपला म्हणायचा असले उद्योग चालतात. नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर जुळणारे शब्द शोधतं. प्रयोग झाला होता का, हे त्याला विचारताच येत नाही. ह्यूस्टनच्या त्या काळ्या पट्ट्या त्याच्यातून शून्य टक्क्यानं पार झाल्या असत्या.