पडलेल्या झाडाची वहिवाट

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या व्हँकुव्हर बेटावर, टोफिनो आणि युक्लुएलेट या दोन लहान गावांच्या दरम्यान जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना, जेमतेम एकेक किलोमीटर लांबीच्या दोन वर्तुळाकार वाटा आहेत. पॅसिफिक रिम राष्ट्रीय उद्यानातल्या या वाटा बऱ्याच अंतरापर्यंत पायांना माती लागू देत नाहीत. कोकणातल्या साकवाची आठवण व्हावी अशा लाकडी फळ्यांवरून आणि पायऱ्यांवरून त्या प्रवाशाला अरण्याच्या पोटात नेतात आणि निघालो तिथेच आणून सोडतात. घाईचा मनुष्य वीस-पंचवीस मिनिटांत मोटारीपाशी परत येतो. मला एका वर्तुळाला दोन तास लागले, आणि त्यातला बराचसा काळ मी मान वर करून नव्हे, तर खाली घालून काढला.

वर्षावन म्हटले की आपल्या मनश्चक्षूंसमोर विषुववृत्तावरचा उकाडा उभा राहतो; हे वन मात्र थंड हवेतले, सूचिपर्णी वृक्षांचे. तरीही त्याचा पावसाशी असलेला व्यवहार सह्याद्रीहून निराळा नाही. समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे डोंगरांना अडतात, वर चढता चढता निवतात आणि आपला भार खाली उतरवतात. टोफिनोला वर्षाकाठी सव्वातीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या आंबोलीच्या निम्म्याहून कमीच. फरक आहे तो हप्त्यांचा. आंबोलीचा पाऊस चार महिन्यांत सगळी बाकी चुकती करून मोकळा होतो, तर इथला मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च या काळात पडतो, आणि उन्हाळ्यात तो ओसरला की समुद्रावरचे धुके येऊन पाने भिजवून जाते. हिवाळा सौम्य असल्यामुळे, पानझडी वृक्ष उघडेबोडके होऊन स्वस्थ बसतात त्या दिवसांतही सूचिपर्णी वृक्षांची अन्ननिर्मिती थोडीबहुत चालू राहते. या किनाऱ्यावर त्यांचेच राज्य का, याचे एक कारण हेच.

पायऱ्या उतरून आत शिरताच मोटारींचा आवाज शेवाळात जिरून जातो. पहिल्याच वळणावर एक आडवा ओंडका होता, माझ्या कमरेइतका जाड, आणि त्याच्या पाठीवर हेमलॉक या सूचिपर्णी वृक्षाची बोटभर उंचीची रोपे इतक्या दाटीने उगवली होती, की एखाद्या शेतकऱ्याने भाताचे तरवेच तिथे टाकले असावेत. हेमलॉकचे बी तिळाएवढे. जमिनीवर पडले तर शेवाळ, नेचे आणि पडलेल्या पानांचा थर यांच्या गर्दीत त्याचा निभाव लागणे कठीण. परंतु कुजू लागलेल्या ओंडक्यावर त्याला ओल मिळते, मुळांशी संगनमत करणाऱ्या बुरशा मिळतात आणि खालच्या गर्दीपेक्षा चार हात उंचीवर थोडा उजेडही मिळतो. इंग्रजीत वनशास्त्रज्ञ अशा ओंडक्याला ‘नर्स लॉग’ म्हणतात. आपण त्याला दाई म्हणावे. उभ्या वृक्षाच्या खोडातले बहुतेक लाकूड वस्तुतः मृत पेशींचे असते, तर आडवा पडलेला वृक्ष बुरशी, कीटक आणि कोवळी मुळे यांनी असा भरून जातो, की जिवंत पेशींचा हिशेब मांडला तर पडलेलाच सरस ठरतो. पुढे रोपांची मुळे ओंडक्याला दोन्हीकडून कवटाळून जमिनीत उतरतात, काही शतकांत ओंडका पार नाहीसा होतो, आणि थोराड झाड काठ्यांच्या पायांवर उभे राहावे तसे अधांतरी दिसते. दोरी लावून रोवल्यासारखी चार-पाच झाडे एका रांगेत दिसली, तर तो कुणा माळ्याचा पराक्रम नव्हे. त्यांच्या पायाखाली एके काळी एक आजा झोपला होता, इतकेच.

कठड्यावर एक शंखावाचूनची गोगलगाय, पिकल्या केळ्यासारखी पिवळी आणि तशीच काळ्या ठिपक्यांची, सरकत होती. तिच्या उजव्या कुशीवरचे श्वासाचे छिद्र सावकाश उघडत होते, मिटत होते. तिचे नावही ‘बनाना स्लग’ असेच आहे. नाव ठेवणाऱ्याला फार विचार करावा लागला नसावा.

लाल सीडर या इथल्या दुसऱ्या सूचिपर्णी वृक्षाची तऱ्हा मात्र वेगळी. त्याच्या गाभ्यात कुजण्याला विरोध करणारी द्रव्ये असल्यामुळे पडल्यावरही तो लवकर मातीच्या स्वाधीन होत नाही, आणि उभा असताना हजार वर्षांचे आयुष्य त्याला अशक्य नाही. या किनाऱ्याचे मूळ रहिवासी, नू-चा-नुल्थ लोक, त्याच्या खोडातून होड्या कोरीत आणि त्या होड्यांतून देवमाशाच्या शिकारीस जात. उभ्या झाडातून पाचरी ठोकून ते फळ्या काढीत, आणि रस चढण्याच्या दिवसांत सालीचा एक पट्टा खालून सैल करून वर ओढीत, तो वर जाता जाता निमुळता होऊन सुटे. त्या सालीच्या दोऱ्या, चटया, टोप्या होत. झाड मात्र जगे, आणि तो निमुळता व्रण अंगावर वागवीत वाढत राही.

असे व्रण पुढे दस्तऐवज ठरले. टोफिनोसमोरच्या मीअर्स बेटावरची झाडे तोडण्याचे १९८४ साली ठरले, तेव्हा नू-चा-नुल्थांपैकीच ट्ला-ओ-क्वी-आट लोक आडवे उभे राहिले आणि प्रकरण कचेरीत गेले. १९८५ साली वरिष्ठ न्यायालयाने, जमिनीवरील हक्काचा दावा निकालात निघेपर्यंत तोडीस मनाई केली. १६४२ साली साल काढलेल्या एका झाडाचा त्या निकालपत्रात उल्लेख आहे. त्या वर्षी शिवाजीराजे बारा वर्षांचे होते. वहिवाटीचा इतका जुना पुरावा आपल्याकडच्या किती दप्तरांत सापडेल, याची मला शंका आहे. उद्यान १९७० साली स्थापन झाले, तरी त्याच्या नावात अद्याप ‘रिझर्व्ह’ हे पद आहे, ते याच कारणाने: या भूमीवरच्या मूळ रहिवाशांच्या सर्व दाव्यांचा उलगडा व्हायचा आहे. युक्लुएलेटकडच्या लोकांचा तहनामा तेवढा २०११ साली अमलात आला.

वर्तुळ संपत आले तेव्हा कुठे माझे लक्ष पायाखालच्या फळीकडे गेले. तिच्या कडेला, खिळ्याजवळ, नखभर शेवाळ जमले होते, आणि त्यात हेमलॉकचे रोप उभे होते, उण्यापुऱ्या सहा-सात सुयांचे. फळी कुजली की उद्यानखात्याचे सुतार ती बदलणार, हे उघडच आहे. रोपाला तशी नोटीस मिळालेली दिसत नव्हती.